फाट्यावर उतरा

(सातारा आगारातून निवृत्त झालेले एसटीचे एक वाहक या सदरात वाचकांच्या प्रवासविषयक प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी त्यांनी फक्त साताऱ्याबद्दलची पत्रं निवडली आहेत.)

प्रश्न : आम्ही मूळचे डोंबिवलीचे. यजमानांच्या बदलीमुळे तीन वर्षांपासून साताऱ्यात राहतो. दर सुट्टीला पाहुणे असतात. कास, ठोसेघर, सज्जनगड हे त्रिकूट दाखवून दाखवून मी थकले. या दिवाळीत सासरची सात माणसं येताहेत. त्यांना वेगळं काय दाखवू?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

ताई, आधी एक सांगतो. एकतीस वर्षं मी तिकिटं फाडली. माझा अनुभव असा की, शेवटच्या थांब्याचं तिकीट मागणारा माणूस सीटवर बसला की मान टाकतो. मधल्या फाट्याचं तिकीट काढणारा मात्र खिडकीतून बाहेर बघत असतो, कारण त्याला आपलं उतरायचं ठिकाण चुकवायचं नसतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, फाट्यावर उतरा. (फाट्यावर मारा म्हणत नाही, उतरा म्हणतो.)

तुमच्या सात माणसांना पुणे रस्त्यावरच्या लिंब फाट्यावरून आत न्या. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. शेरेवाडीच्या शिवारात बारा मोटांची विहीर आहे. नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, हल्ली मोबाइलवर फोटोही पाहिलेले असतात, पण वाकून आत उतरलेले कमी. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, १७१९ ते १७२४ या पाच वर्षांत. तसा शिलालेखच तिथं आहे. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिली तर आकार शिवपिंडीसारखा दिसतो, गोल भाग आणि त्याला जोडलेली लांबट चौकोनी बाजू. त्या दोन भागांच्या मधोमध, विहिरीच्या पोटातच, चक्क महाल आहे. त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती-घोडे कोरलेले आहेत. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी त्या महालात बसलं की अंगावर ओलसर गारवा येतो. पाहुण्यांना तिथं दहा मिनिटं गप्प बसवा. सात माणसांत हे अवघड आहे, पण प्रयत्न करा.

आता खरी गंमत वरच्या बाजूला आहे आणि तीच लोक बघत नाहीत. मोट लावायच्या जागा पंधरा, त्यातल्या बारा मोटा एका वेळी चालायच्या, म्हणून बारा मोटांची. या पाण्यावर ३,३०० आंब्यांची आमराई भिजायची असं सांगतात. पण सोबतच्या पोरांना ‘मोट’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर त्यांच्या दृष्टीनं ती नुसती खोल विहीर. म्हणून हे वाचून दाखवा.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंड असलेली. तिला दोन दोर. जाड दोर म्हणजे नाडा, तो वरच्या चाकावरून जातो आणि मोटेचं सगळं ओझं पेलतो. बारीक दोर म्हणजे सोंदूर, तो सोंडेला बांधलेला असतो. बैल विहिरीकडं पाठ करून उताराच्या वाटेनं खाली चालतात. त्या वाटेला धाव म्हणतात. बैल उतरले की मोट भरून वर येते, सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढतो आणि पाणी भसकन ओततो. थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. मग बैलांनी उलट पावली धाव चढायची की मोट पुन्हा खाली. आमच्या आजोबांनी कोरेगावकडच्या आमच्या विहिरीवर उभी हयात हेच केलं. ते सांगायचे, बैल खाली उतरताना माणसानं नाड्यावर बसायचं, म्हणजे बैलाच्या मानेला तेवढाच आधार. माझ्या लहानपणी मोट जाऊन इंजिन आलं होतं, पण विहिरीच्या काठावरच्या दगडाला नाड्यानं पडलेली खाच तशीच होती. माझं अख्खं बोट त्यात बसायचं. आजोबा म्हणायचे, “ही बघ, दोरीनं दगड खाल्ला.”

लिंबला गेलात की थारोळी शोधा. एक सापडलं की बाकीची आपोआप दिसायला लागतात. आणि मग डोळे मिटून बारा जोड्यांचे चोवीस बैल उभे करून बघा.

दोन सूचना. कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्या भाच्याचा कान धरा. आणि पाण्याची रिकामी बाटली पुन्हा पिशवीतच ठेवा. गेल्या खेपेला महालाच्या कोनाड्यात मी चार बाटल्या मोजल्या. परत येताना जवळच्या गोवे गावात कृष्णेच्या काठी कोटेश्वराचं देऊळ आहे, जमलं तर तिथं पाय बुडवा.

प्रश्न : तुमच्या मागच्या उत्तरावर विसंबून आम्ही सज्जनगडाच्या पायथ्याला परळीची देवळं बघायला गेलो. दोनच देवळं, त्यातलं एक पडकं! माणूस नाही, काणूस नाही, चहासुद्धा मिळाला नाही. यात बघण्यासारखं काय होतं?
(एक नाराज वाचक, कोल्हापूर)

साहेब, चहाबद्दल माझी चूक. मी जायचो तेव्हा मिळायचा, म्हणून लिहून गेलो. त्याबद्दल कान पकडतो.

बाकी तुमचं वर्णन बरोबर आहे. दोन देवळं, एक पडकं. पण पडक्या देवळाचा फायदा काय सांगू? धड देवळात दगडावर दगड कसा बसवलाय हे कळत नाही. पडक्या देवळात शिवण उसवलेली असते, आतलं सगळं दिसतं. चुना नाही, काही नाही, नुसते घडवलेले दगड एकमेकांत अडकवलेले. खांब खाली चौकोनी, मध्ये आठ कोनी, वर गोल, असा एकाच दगडाचा आकार बदलत जातो. खांबावरून हात फिरवत वर गेलात तर ते हाताला कळतं. तुम्ही दुपारी साडेबाराला गेला होतात असं पत्रात आहे. त्या उन्हात नक्षी दिसतच नाही, सगळं सपाट दिसतं. सकाळचं तिरकं ऊन हवं.

एवढं करूनही परळी आवडली नाही तर किकलीला जा. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांजवळचं गाव. भैरवनाथाचं यादवकालीन देऊळ आणि आवारात वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकदगडांची, रांग. वीरगळ वाचायला शिकलात की महाराष्ट्रातल्या कुठल्याही पारावर तुमचा वेळ जाईल. सुरुवात खालून करायची. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. त्याच्या वर लढाई, कधी गाईही असतात, म्हणजे हा गुरं सोडवताना गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि डोक्यावर चंद्रसूर्य. ते आहेत तोवर याचं नाव राहील, असा अर्थ. नाव मात्र बहुतेक दगडांवर लिहिलेलंच नाही. किकलीतही चहाची खात्री देत नाही.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७६. गुडघ्यांमुळे चढउतार नाही. तिला साताऱ्यात इतिहासाचं काही बघायचं आहे, पण सगळे गड सुचवतात.
(एक वाचक, नाशिक)

गडाखाली इतिहास नसतो असं कुणी सांगितलं? एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना तिकीट लागत नाही. तेव्हा आईंना आधारकार्ड घेऊन निघायला सांगा.

पहिला दिवस गावातच. राजवाड्याशी रिक्षा थांबवा. शेजारी प्रतापसिंह हायस्कूल, तेव्हाचं सरकारी हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. म्हणूनच महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. बाहेरून आलेल्या दहांपैकी नऊ जणांना बाबासाहेब साताऱ्यात शिकले हे माहीत नसतं, आणि राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळ खाऊन ते तसेच परततात.

याला जोडून एक गोष्ट आईंना सांगा. १९०१ साली हा भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे उन्हाळ्याच्या सुट्टीत भिवाच्या वडिलांकडं निघाले. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल. मुलं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूरला उतरली. न्यायला कुणी आलेलं नव्हतं, पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर ठरलं, आणि तेही असं की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बरोबर पायी चालणार. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मी नोकरीत असताना मसूरच्या गाडीवर कितीदा गेलो असेन, पण हे मला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वाचलं. आता मसूर स्टेशनचा रस्ता आला की मी खिडकीतून बघत राहतो.

दुपारनंतर माहुली. कोरेगाव रस्त्याला, गावापासून पाचेक किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं अलीकडं संगम माहुली, पलीकडं क्षेत्र माहुली. घाटाच्या पायऱ्या आईंना उतरवू नका, वरूनच विश्वेश्वराचं देऊळ दाखवा. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं. शाहू महाराजांची समाधी याच नदीकाठी. आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्यानं महाराजांना सावध केलं, आणि मग त्याला पालखीचा मान मिळाला, अशी आमच्याकडची गोष्ट. लहान मुलांना न्यावं ते खंड्यासाठी, मोठ्यांना न्यावं ते समोरच्या काठासाठी. तिथले रामशास्त्री प्रभुणे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. माहुलीच्या घाटावर बसलेली म्हातारी माणसं रामशास्त्रींबद्दल अशी बोलतात की जणू गेल्या आठवड्यातच ते भाजी आणायला बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी करा आणि औंधला जा, रहिमतपूरमार्गे. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले, स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली ते उभारलं. राजा रविवर्म्यांची चित्रं तिथं आहेत, आणि इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं दगडी शिल्पही. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात हेन्री मूर! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या दगडापुढून सरळ निघून गेलो होतो. बरोबरच्या ड्रायव्हरनं मागं ओढलं आणि म्हणाला, “मास्तर, हे बघा, बाईला डोळं-नाक नीट नाही, पण पोराला धरलंय कसं ते बघा.” याच राजानं १९३९ साली आपल्या प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला, गांधीजींच्या सल्ल्यानं. आईंना हे नक्की आवडेल.

प्रश्न : मी साताऱ्याची, शिकायला पुण्यात. मैत्रिणी चिडवतात की साताऱ्यात पेढे सोडून काय आहे? पाचजणी येणार आहोत, स्वतःची गाडी नाही, चालायची तयारी आहे.
(एक विद्यार्थिनी, पुणे)

गाडी नाही हे उत्तम. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पाचजणी अडीच तिकिटात.

पोरींनो, पाटेश्वरला जा. देगावच्या बाजूला, साताऱ्यापासून चौदाएक किलोमीटर. औद्योगिक वसाहतीचे पत्रे आणि धूर मागं पडतो आणि एकदम झाडीची वाट लागते. पायथ्यापासून चढून जायचं, वाटेत विघ्नेश गणपती, मग पुष्करणी. वरचं देऊळ देगावच्या परशुराम नारायण अनगळ यांनी बांधलं, मराठेशाहीतलं. पण खरी कमाल आजूबाजूच्या गुहांत आहे. महादेवाच्या पिंडी इतक्या तऱ्हेच्या मी दुसरीकडं कुठं पाहिल्या नाहीत. एका पिंडीवर बारीक बारीक पिंडी कोरलेल्या, एक लहान, एक माणसाएवढी. आणि अग्निवृष नावाची मूर्ती. अंग बैलाचं, तोंडं माणसाची. ऋग्वेदात एक ऋचा आहे, चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेल्या वृषभाची. कुणा कारागिरानं ती ऋचा ऐकली आणि जशीच्या तशी दगडात उतरवली. कविता ऐकून पाय मोजत बसणारा तो गडी मला फार आवडतो.

गुहेत अंधार असतो. मोबाइलचा उजेड समोरून टाकू नका, बाजूनं टाका, मग कोरीवकाम उठून दिसतं. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, चपला नकोत. पाचजणी एकत्र राहा आणि चारच्या आत खाली उतरा. तुमच्या आईच्या वतीनं सांगतोय.

वेळ उरला तर गावात गेंडामाळावर जा. ८ सप्टेंबर १८५७ ला इथं इंग्रजांनी सतरा जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, सहा जणांना गोळ्या. रंगो बापूजी गुप्ते यांनी जमवलेली ती माणसं. रंगो बापूजी आधी, इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं राहिले होते, अर्ज करून करून थकले आणि मग इकडं येऊन उठावाच्या तयारीला लागले. ते स्वतः कधीच सापडले नाहीत. मैत्रिणी पेढ्यावरून चिडवतात ना, त्यांना तिथं उभं करून हे सांग.

प्रश्न : सातारा नाव सात ताऱ्यांवरून पडलं का? मला प्रकल्पासाठी हवं आहे.
(इयत्ता सहावी, कराड)

बाळा, सात तारे नाहीत, सात डोंगर. गावाभोवतीचे सात असे मोजतात : अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, नकदीचा डोंगर, कितलीचा डोंगर आणि पेढ्याचा भैरोबा. शेवटचं नाव खरं आहे, मी बनवलेलं नाही. प्रकल्पात चित्र काढ, आणि अजिंक्यताऱ्यावर टॉवर दाखवायला विसरू नकोस, त्याशिवाय सातारकर तो डोंगर ओळखणार नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात कासला फुलं असतात का?
(एक वाचक, सोलापूर)

नाही. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, आणि तेही पावसाच्या मर्जीवर.

प्रश्न : पेढ्यांशिवाय पाहुण्यांना बरोबर काय द्यावं?
(एक वाचक, सदाशिव पेठ, सातारा)

कंदी पेढा द्याच, त्यात कमीपणा काही नाही. खवा खमंग भाजलेला, साखर बेताची, रंग तपकिरी. पांढराफटक पेढा कुणी कंदी म्हणून देत असेल तर परत करा. त्याबरोबर वाघ्या घेवडा द्या. कोरेगाव तालुक्याचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. दाण्यावर तांबूस पट्टे असतात, वाघासारखे, म्हणून वाघ्या. मुंबईचे लोक राजमा समजून शिजवतात आणि मग शिट्ट्या मोजत बसतात. रात्री भिजत घाला, कांदा-खोबरं भाजून वाटून घाला, रस्सा पातळच ठेवा, आणि बाजरीची भाकरी कुस्करून खा. मिळालं तर माईनमुळ्याचं लोणचंही. माईनमुळा दिसायला आल्याचा गरीब भाऊ, पण करकरीत. माझ्या एका पाहुण्यानं ते लोणचं भाकरीशिवाय, नुसतं, टीव्ही बघत संपवलं. त्याला पुन्हा बोलावलेलं नाही.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना सगळीकडं पाठवता. घरात पाहुणे नसताना तुम्ही स्वतः कुठं जाता?
(एक वाचक, मेढा)

चार भिंतीवर. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, हुतात्मा स्मारक. दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून राजघराण्यातल्या स्त्रियांसाठी ही जागा बांधली, असं सांगतात. आता तिथं संध्याकाळी अभ्यासाची पोरं, फिरायला आलेली म्हातारी आणि एकमेकांपासून वीतभर अंतर ठेवून बसलेली जोडपी असतात. मी माझ्या कोपऱ्यात बसतो. खाली पेठा एकेक करून दिवे लावतात. स्टँडवरून गाडी बाहेर पडली की वळणावरून मी ओळखतो, ही मेढ्याची, ही कोरेगावची. तुमच्या मेढ्याची रात्रीची गाडी हल्ली पाच-सात मिनिटं उशिरानं सुटते. आगारातल्या मंडळींना विचारायचं आहे, पण निवृत्त माणसाला कोण उत्तर देतं.

तुम्ही आलात तर साडेसहाच्या आधी या. बॅटरी बरोबर असू द्या, उतरताना पायऱ्या अंधारात चुकतात. डाव्या कोपऱ्यातली जागा माझी आहे.